गाडी ‘काहीतरी वेगळं’ वाजायला लागली की नेमकं काय बघायचं? (पेट्रोल हॅचबॅक, तोंडावर पावसाळा)

नववी_गल्ली | सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, सेकंडहँड घेतलेली पेट्रोल हॅचबॅक चालवते. रोजचं येणं-जाणं गावातल्या गावात, पण माहेर कुडाळकडं, त्यामुळं गगनबावड्यावरून घाट उतरणं ठरलेलं. सर्व्हिसिंग वेळच्या वेळी करते. अडचण वेगळीच आहे. मिस्त्री विचारतात, “काय होतंय?” आणि मला “जरा आवाज येतोय” याच्या पुढं काही सांगता येत नाही. मग ते एक चक्कर मारून येतात, नेमका तेव्हा आवाज येत नाही, आणि “काय नाही मॅडम, चालवा बिनधास्त” म्हणून परत पाठवतात.

सध्या दोन गोष्टी खटकतायत. पार्किंगमधून बाहेर काढताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पुढून कट-कट-कट असा आवाज येतो, सरळ चालवताना काही नाही. आणि गाडी उभी असते तिथं फरशीवर डाग दिसतो.

मला दुरुस्ती शिकायची नाही. बिघाड वाढायच्या आत आपल्याला कळावा आणि मिस्त्रीला धड सांगता यावा, एवढंच. “कंपनीत टाका” हा सल्ला कृपया नको. तिथूनच नुकतं इंजिन फ्लश, थ्रॉटल क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन असं वीतभर बिल घेऊन आलेय, आवाज आहे तिथंच आहे.

लेथवाला | सोमवार, रात्री ९.५२

ताई, बिलाचं दुःख राहू दे बाजूला, नंतर त्यावर बोलू. आधी एक लक्षात घ्या. आवाज कसा येतो ते सांगायच्या भानगडीत पडू नका. कट-कट, टक-टक, घर्रर्र, प्रत्येकाच्या कानाला वेगळं ऐकू येतं. आवाज कधी येतो ते सांगा. उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत आयुष्य गेलं माझं. गिऱ्हाईक ‘कधी’ सांगायला लागलं की मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच अर्ध्या वाटेवर पोचलेला असतो.

सकाळी थंड इंजिनात येतो का तापल्यावर? वळताना, ब्रेक मारताना का खड्ड्यात? आणि सगळ्यात कामाचं म्हणजे आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर वाढतो का चाकाच्या वेगाबरोबर? हे ओळखायची सोपी युक्ती आहे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला पन्नासनं चालवा आणि वेग तोच ठेवून तिसरा टाका. चाकं तेवढीच फिरतायत, इंजिन जास्त फिरतंय. आवाज होता तसाच राहिला तर चाकाकडचा आहे, बेअरिंग नाहीतर टायर. गिअर बदलल्याबरोबर चढला तर इंजिनाकडं बघायचं. जागेवर उभ्या गाडीत रेस देऊनही येत असेल तर चाकांवर आळ घ्यायचं कारणच नाही.

आता तुमचा आवाज. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलली की कट-कट, सरळ चालताना गप्प. हे अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचं लक्षण, त्याला सीव्ही जॉइंट म्हणतात. इंजिनाची ताकद पुढच्या चाकाकडं नेणारा दांडा असतो, त्याच्या टोकाला हा जॉइंट, त्यावर घड्याघड्यांचा रबरी बूट आणि बुटात ग्रीस. बूट फाटला की चाक फिरताना ग्रीस बाहेर उडतं, आत माती-पाणी शिरतं आणि जॉइंटमधल्या गोळ्या झिजायला लागतात.

खात्री करायला गाडी उचलायची गरज नाही. सपाट जागी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद, हँडब्रेक ओढून गिअरमध्ये ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च लावून चाकाच्या मागं बघा. रिमच्या आतल्या अंगाला आणि शॉकअपच्या बुडाशी काळ्या ग्रीसचे गोल शिंतोडे दिसले तर शोध संपला. बूट ओला दिसतोय, घडीत चीर आहे, पण आवाज अजून नाही, एवढ्यावर सापडलं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज सुरू झाला असेल तर बहुतेक वेळा जॉइंट जातो. डावीकडं वळताना जास्त येतो का उजवीकडं, तेही बघून ठेवा.

डागाचा रंग आणि जागा सांगा, मग बोलतो.

शंकेखोर | सोमवार, रात्री १०.०५

एवढं सगळं बघायचं तर सीबीएस स्टँडवरनं एसटी काय वाईट?

नववी_गल्ली | सोमवार, रात्री १०.१२

शंकेखोर, एसटीचे ब्रेकसुद्धा कुणीतरी बघतंच की ओ.

काका, डाग डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या खाली येईल साधारण तिथं. रंग असा नाही, पाण्यासारखाच. दुपारी उन्हातून एसी लावून आलं की जास्त. टॉर्चचं उद्या उजेडी बघते.

घाटवाट | सोमवार, रात्री १०.४०

ताई, तो एसीचा घाम आहे, सोडून द्या. उलट उन्हाळ्यात एसी लावून थेंब पडत नसेल तर नळी तुंबलीय आणि पाणी आत पायाखालच्या मॅटमध्ये उतरतंय असं समजायचं. मॅट ओली लागली, कुबट वास आला की ते.

बाकी डागांसाठी रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. फरशीवर जुने डाग असतात, पुठ्ठ्यावर आजचा तेवढा दिसतो. तपकिरी किंवा काळं असेल तर इंजिन ऑइल. हिरवं, गुलाबी, निळं आणि बोटाला बुळबुळीत ते कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर तेलकट ओल दिसली तर ती ब्रेक ऑइलची असू शकते, आणि मग गाडी तिथंच ठेवायची. मिस्त्रीला घरी बोलवा. “हळूहळू नेतो गॅरेजपर्यंत” हा शहाणपणा ब्रेकच्या बाबतीत नको.

लेथवाला | सोमवार, रात्री १०.५१

घाटवाट बरोबर. एकच भर. कूलंट गोडसर असतं म्हणून कोणी जिभेला लावून बघतात, ते विष आहे. सांडलं तर पाण्यानं धुऊन काढा, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात.

घाटवाट | मंगळवार, सकाळी ६.३०

भाजीचा टेम्पो घेऊन खाली कोकणात जातो, घरची कारही त्याच वाटेनं जाते, म्हणून ब्रेकवर जरा सविस्तर लिहितो. घाट करूळ असो, भुईबावडा असो, आंबा असो नाहीतर फोंडा, ज्या गिअरवर चढाल त्याच गिअरवर उतरायचं. न्यूट्रल करून उतरणारे अजून दिसतात, डिझेल वाचवतात म्हणे. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये पाय काढून उतरताना इंधन जवळजवळ बंदच करतात. त्यामुळं न्यूट्रलमध्ये वाचत काही नाही, इंजिनाची पकड तेवढी जाते.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल नव्यानं भरलेलं असताना २३० अंशांच्या आत उकळत नाही. पाणी ओढलेलं तेच ऑइल १५५ च्या आसपास उकळू शकतं. लांबलचक उतारावर पाय ब्रेकवर ठेवूनच आलं की डिस्क (चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी) तापते, ती उष्णता ऑइलपर्यंत जाते, नळीत वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. वाफ दाबली जाते, ब्रेक लागत नाही. म्हणून दर २ वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं, गाडी कितीही कमी चालली असली तरी. आपल्याकडं पाऊस आणि दमटपणा बघता मी तर यात अजिबात चालढकल करत नाही.

आता ‘कधी’चा हिशेब. रात्रभर पावसात उभी गाडी सकाळी काढली आणि पहिल्या चार ब्रेकला खर्र वाजलं, मग थांबलं, तर तो डिस्कवर धरलेला गंज, काळजी नको. रोज प्रत्येक ब्रेकला बारीक किंचाळल्यासारखं येत असेल तर पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे गुटके) संपत आलेत, बऱ्याच पॅडना त्यासाठीच पत्र्याची जीभ दिलेली असते. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा खरखरीत आवाज आला तर पॅड संपून डिस्क खायला सुरुवात झालीय, पॅडच्या खर्चात आता डिस्कचाही खर्च आला. वेगात ब्रेक मारल्यावर पेडल आणि स्टिअरिंग थरथरतंय, तर डिस्क वाकडी किंवा कमी-जास्त झिजलेली. गाडी एका बाजूला ओढली जात असेल तर त्या बाजूचा ब्रेक जास्त धरतोय किंवा दुसऱ्या बाजूचा धरतच नाही.

वळणावर हँडब्रेकचा लाल दिवा क्षणभर लागून विझतो, हे बरेच जण दुर्लक्षित करतात. बहुतेकदा डबीतलं ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं, वळणावर एका बाजूला हिंदकळलं की दिवा लागतो. पॅड झिजत जातात तशी पातळी थोडी थोडी उतरते, ते साहजिक आहे. म्हणून नुसतं वरून ऑइल टाकून मोकळं होऊ नका, आधी पॅड बघायला सांगा. पॅडचं अस्तर ३ मिलिमीटरच्या आसपास राहिलं की बदलून टाका.

घाट उतरून खाली चहाला थांबलात की रिमला हात न लावता, चारही चाकांजवळ तळवा धरून बघा. पुढची दोन्ही सारखीच गरम हवीत. एक जास्तच धगधगत असेल आणि जळकट वास असेल तर तिकडचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, चिकटलाय. तापलेल्या डिस्कवर बाटलीतलं पाणी ओतायचं नाही, वाकडी होते.

पुण्यात_अडकलेला | मंगळवार, सकाळी ९.२०

मस्त धागा. एक शंका. डॅशबोर्डवर पिवळे दिवे, लाल दिवे. कुठल्या दिव्याला खरंच थांबायचं? आमच्याकडं इंजिनचा पिवळा दिवा सणासारखा येतो आणि जातो.

वायरमन_कळंबा | मंगळवार, दुपारी १.१५

ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम करतो, म्हणून सांगतो. लाल म्हणजे आत्ता, पिवळा म्हणजे या आठवड्यात. लालमध्येही ऑइलच्या किटलीचा दिवा सगळ्यात वाईट. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंतसुद्धा जायचं नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद. ऑइलचा दाब नसताना इंजिन किती वेळ तगेल याची कुणी हमी देत नाही. कावळा नाक्याला लागला आणि गाडी उचगावात आणली, तेवढ्यात बेअरिंग जाऊ शकतं.

लाल बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी खराब असं नाही. चार्जिंग होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. बेल्ट तुटला असेल किंवा बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला असेल. काही गाड्यांत त्याच बेल्टवर पाण्याचा पंप असतो, म्हणजे दिव्यापाठोपाठ गाडी तापायला लागेल. काट्यावर लक्ष ठेवा.

इंजिनचा पिवळा दिवा स्थिर असेल तर स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचून घ्या, घाई नाही. तो लुकलुकायला लागला आणि गाडी धक्के देत असेल तर मात्र अ‍ॅक्सिलरेटर सोडा. एखादा सिलिंडर पेटत नाहीये, न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, आणि प्लग-कॉइलच्या किरकोळ कामाचं रूपांतर कन्व्हर्टरच्या बिलात होतं. कोड नुसता पुसून देणाऱ्याकडं जाऊ नका. कोड कागदावर लिहून घ्या, मग पुसा.

बॅटरीचं म्हणाल तर दोन-तीनशे रुपयांचं मल्टिमीटर घरात ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली. इंजिन सुरू केल्यावर साधारण १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे, नाहीतर चार्जिंगमध्ये गडबड. सेल्फ सकाळी रडत-रडत फिरतो, तेव्हाच आतला दिवा मंद होतो, ही बॅटरीची आधी दिलेली सूचना. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुकटी जमली असेल तर आधी निगेटिव्ह काढून कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्यानं साफ करा. पुष्कळदा बॅटरी चांगली असते, टर्मिनल सैल असतं, आणि लोक नवी घेऊन येतात.

ऊसवाला | मंगळवार, दुपारी २.०५

वायरमनदादा, उंदरांचं काय करायचं? ऊस तुटला की शेतातली सगळी फौज बॉनेटखाली. गेल्या हंगामात वायरिंग कुरतडून ठेवलं होतं.

वायरमन_कळंबा | मंगळवार, दुपारी २.४०

निपाणीची तंबाखू पुडीत बांधून ठेवणारे बरेच आहेत, कुणाला गुण येतो, कुणाला नाही. ठेवलीत तर सायलेन्सरच्या नळीपासून आणि फॅनपासून लांब, घट्ट बांधून. खरा उपाय म्हणजे गाडी रोज हलवणं आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडणं. पाल्याचं घरटं, लेंड्या, रबराचे तुकडे दिसले की गाडी सुरू करण्याआधी वायरी बघा. वाळका पाला तापलेल्या भागाजवळ असला तर आगीचंही भय. वायपरच्या खाली जी जाळी असते तिथलाही पाला काढत जा. तिथली पाण्याची वाट तुंबली की पावसाचं पाणी आत केबिनमध्ये नाहीतर वायरिंगवर.

ऊसवाला | मंगळवार, दुपारी २.५५

आणि आमच्याच उसाचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्के. अ‍ॅव्हरेज पडलं की लोक मलाच बोलतात.

लेथवाला | मंगळवार, सायंकाळी ७.३०

बोलू द्यात. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश उष्णता कमी, त्यामुळं अ‍ॅव्हरेज थोडं उतरणार हे धरूनच चाला. एकदम मोठी घट आली तर इथेनॉलवर ढकलून मोकळं होऊ नका. टायरमधली हवा, एअर फिल्टर, चिकटलेला ब्रेक बघा आधी. जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या कडक झाल्यात का, भेगा आहेत का, हे सर्व्हिसिंगला आवर्जून तपासायला सांगा. पेट्रोलचा वास येतोय म्हणजे गळतंय. वासावर गाडी चालवायची नाही.

आता बॉनेट उघडलंच आहे तर ऑइल आणि कूलंट. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून पट्टी काढा, पुसा, परत पूर्ण घाला, मग बघा. दोन खुणांच्या मध्ये हवं. वरच्या खुणेच्या पुढं भरणं हाही दोषच. काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलचं तर आठवड्यात काळं होतं. दर महिन्याला पातळी उतरतेय का, ते महत्त्वाचं. उतरतेय आणि खाली डाग नाही, म्हणजे जळतंय. सायलेन्सरमधून निळसर धूर येतोय का ते कुणालातरी मागं उभं करून बघा.

पट्टीवर दुधाच्या चहाचा रंग दिसला तर ऑइलमध्ये पाणी, बहुतेक हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधलं सील, गेलंय. गाडी सुरू करू नका. पण इथं गोंधळ होतो. पावसाळ्यात घर ते शाळा, घर ते मंडई एवढंच चालवणाऱ्यांच्या ऑइलच्या झाकणाच्या आत थोडी पिवळसर मलई जमते. इंजिन पुरतं तापत नाही म्हणून आतल्या वाफेचं पाणी होतं. पट्टी स्वच्छ, कूलंट जागेवर, आणि मलई फक्त झाकणाला, तर एखाद्या रविवारी गाडी हायवेला मोकळी चालवून आणा. मी गॅस्केटच्या भीतीनं हेड उतरवलेल्या गाड्या बघितल्यात, आत काहीही निघालं नव्हतं.

कूलंट सकाळी थंड इंजिनात, बाहेरच्या पांढऱ्या डबीतच बघा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, चेहरा भाजतो. आणि बोअरचं पाणी ओतायचं नाही! क्षारांचा थर आत बसतो आणि रेडिएटर आतून बुजतो. रस्त्यात नाईलाजानं साधं पाणी टाकलंच तर नंतर काढून कूलंट भरा. फॅन चालतो का हे घरीच कळतं. गाडी जागेवर सुरू ठेवा, एसी लावा, थोड्या वेळात पुढचा फॅन फिरल्याचा आवाज आला पाहिजे. हे आंबा घाटाच्या चढावर कळण्यापेक्षा पार्किंगमध्ये कळलेलं बरं. चढावर काटा वर सरकला तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम करून काचा खाली, आणि पहिल्या रुंद जागी थांबा. वाफ दिसली की इंजिन लगेच बंद. काटा वर जाऊन अचानक खाली आला तर खुश होऊ नका. पाणीच संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं दाखवतो.

शिरोली_फर्स्ट_शिफ्ट | मंगळवार, रात्री ८.२०

फाउंड्रीत आहे. आमच्या पार्किंगमधल्या गाड्यांवर दुपारपर्यंत काळी बारीक धूळ बसते. एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरवर न जाता मधेच काढून बघतो, उजेडाकडं धरला आणि प्रकाश दिसला नाही की बदलतो. साखर कारखान्याच्या धुराड्याखाली राहणाऱ्यांनीही हेच करावं. एसीचा केबिन फिल्टर तर लोक विसरूनच जातात. हवा कमी येते म्हणून गॅस भरून घेतात आणि आत फिल्टरचा बोळा झालेला असतो.

माझा प्रश्न बीएस ६ डिझेलबद्दल. घर ते एमआयडीसी एवढीच धाव आहे, डीपीएफचा दिवा लागतो.

लेथवाला | मंगळवार, रात्री ८.४५

एप्रिल २०२० नंतरच्या डिझेलचं हे नेहमीचं. काजळी गाळून धरणारा तो फिल्टर, ती जाळायला त्याला सलग तापमान लागतं. पुस्तकात लिहिलंय तसं बघून एकसारख्या वेगानं पंधरा-वीस मिनिटं न थांबता चालवा, बहुतेक गाड्यांत साठच्या वर. शिरोलीवरून किणी टोलनाक्याच्या बाजूला पहाटे न्या, दिवसा तसा मोकळा रस्ता कुठं मिळतोय. दिवा लागल्यावर पुन्हा पुन्हा मध्येच गाडी बंद केली तर फिल्टर चोंदतो आणि मग कंपनीत न्यावीच लागते. रोजची धाव चार-पाच किलोमीटरचीच असेल तर पुढची गाडी पेट्रोल घ्या, डिझेलचा हट्ट सोडा.

नववी_गल्ली | बुधवार, सायंकाळी ६.१५

सापडलं! डाव्या चाकाच्या मागं रिमच्या आत काळ्या ग्रीसचे थेंब, त्यावर धूळ बसून खडबडीत झालेले, आणि बुटाची एक घडी अर्धी उघडी. फोटो काढून मिस्त्रींना दाखवला आणि काकांनी सांगितलं तसं बोलले: “पूर्ण वळवून हळू चालवताना येतो, उजवीकडं वळताना जास्त, सरळ असताना नाही.” त्यांनी चक्करसुद्धा मारली नाही, थेट जॅकवर घेतली. जॉइंट झिजलाय म्हणाले. उजवीकडचा बूटही कडक झालाय, तो आत्ताच बदलून घ्या म्हणाले. हे दुसरं खरंच लागतं का, की बिल वाढवतायत?

लेथवाला | बुधवार, रात्री ८.००

जुना बूट बोटांनी दाबून घडी उघडा. बारीक भेगांचं जाळं दिसलं तर बदला, ते प्रामाणिकपणे सांगतायत. मऊ आणि अखंड असेल तर राहू द्या. जुना काढलेला जॉइंट परत मागून घ्या, हे कुठल्याही पार्टला करा, कंपनीत असो की गल्लीत.

आणि फ्लश-डिसइन्फेक्शनचं राहिलं होतं. तुमच्या गाडीच्या पुस्तकात सर्व्हिसिंगचा तक्ता असतो, त्या किलोमीटरला जे लिहिलंय ते करा. त्यात नसलेलं काही सुचवलं तर “कोणत्या तक्रारीवर?” एवढंच विचारायचं. उत्तर आलं नाही तर नको म्हणा. ऑइल मात्र किलोमीटर झाले नाहीत म्हणून लांबवू नका. १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष असं लिहिलेलं असतं, तिथं ‘जे आधी होईल ते’ हेही लिहिलेलं असतं.

उद्यमनगरातली बाजू घेऊन एक सांगतो. कंपनी जिथं अख्खी असेंब्ली बदला म्हणते तिथं आमच्याकडं लेथवर बुश करून देतात, आणि ते वर्षानुवर्षं चालतं. पण ब्रेक, स्टिअरिंग आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट, यात मी स्वतः जुगाड करत नाही. तिथं चांगल्या कंपनीचा सीलबंद पार्टच घ्या.

बावडेकर | बुधवार, रात्री ९.२५

पावसाळा म्हटलंय म्हणून पुराचं लिहितो. कसबा बावड्यात राहतो, २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै दोन्ही पाहिलेत. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ ला धोका. पाणी ३९ कडं जाताना दिसलं की तळमजल्यावरची गाडी उंचावर नेऊन लावायची, ४३ ची वाट बघायची नाही. तोवर गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता गेलेला असतो.

पाणी ओसरल्यावर सगळ्यात मोठं नुकसान लोक स्वतःच्या हातानं करतात. “चालू होते का बघूया” म्हणून सेल्फ मारतात. सिलिंडरमध्ये पाणी असलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नुसत्या बुडालेल्या गाडीचं इंजिन वाचू शकतं, पाण्यासकट फिरवलेल्याचं कठीण. साध्या विम्यात असं इंजिनाचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाची वेगळी जोड घ्यावी लागते. आणि तीत काय बसतं ते पॉलिसीत वाचून घ्या. सीटपर्यंत पाणी चढलं असेल तर फोटो काढा, विमावाल्यांना कळवा, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा आणि गाडी उचलून न्यायला लावा.

रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून गेलात तर पलीकडं आल्यावर हळू चालवत ब्रेक दोन-चार वेळा हलके दाबून वाळवा.

पुण्यात_अडकलेला | बुधवार, रात्री १०.०२

टायर राहिले की मंडळी.

घाटवाट | गुरुवार, सकाळी ६.१०

कायद्यानं कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर. टायरच्या कडेला टीडब्ल्यूआय किंवा छोटा त्रिकोण असतो, त्याच्या रेषेत खाचेमध्ये एक उंचवटा असतो. नक्षी त्याच्या बरोबरीला आली की टायर गेला. मी पावसाळ्यात तिथपर्यंत थांबत नाही, पाणी कापायला खोल खाच लागते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधलाच पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड गेली तर अलाइनमेंट. ८०-९० ला स्टिअरिंग थरथरतं आणि ब्रेकचा संबंध नाही, तर बॅलन्सिंग. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ आणि लांब वळणावर ती कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग.

सेकंडहँड गाडी घेताना टायरवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी कडेला भेगा पडलेला जुना टायर घाटात नको.

हवा थंड टायरमध्ये, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणं. स्टेपनीत पण.

नववी_गल्ली | गुरुवार, सकाळी ९.४०

स्टेपनीवरून आठवलं. जॅक, पाना सगळं डिकीत आहे. घाटात एकटी असताना पंक्चर झालंच तर मला बदलता येईल का, हाच प्रश्न आहे.

लेथवाला | गुरुवार, दुपारी १२.२०

येईल, पण घाटात पहिल्यांदा करू नका. टायरवाले हवेच्या गननं नट इतके आवळतात की गाडीतल्या आखूड पान्यानं गडीमाणसालाही सुटत नाहीत. रविवारी अंगणात प्रत्येक चाकाचा नट पान्यानं सैल होतो का बघा. गाडी जमिनीवर असतानाच, जॅक लावायच्या आधी, हातानं ओढण्यापेक्षा पान्यावर पाय देऊन. चाकाला चावीचा नट (चोरी होऊ नये म्हणून खास चावीनंच सुटणारा) असेल तर त्याची चावी डिकीत आहे ना ते बघा. सेकंडहँड गाडीत ती नेमकी नसते. सुटत नसतील तर टायरवाल्याकडून सैल करून हातपान्यानं आवळून घ्या, आणि लांब दांड्याचा क्रॉस पाना विकत घेऊन ठेवा. जॅक कुठं लावायचा ते दाराखालच्या पत्र्यावर खाचेनं दाखवलेलं असतं, तिथंच लावा. पुढचं चाक काढायचं असेल तर मागच्या चाकाला दगड. घाटात वळणावर, दरीच्या कडेला चाक बदलत बसू नका. रिम खराब झाला तरी चालेल, हळू चालवत रुंद जागेपर्यंत न्या.

वायरमन_कळंबा | गुरुवार, दुपारी १२.५०

आणि धोक्याचा त्रिकोण डिकीत असतो, सामानाच्या खाली. तो निघतो का, उभा राहतो का, तेही त्याच रविवारी बघा.